फुंकणीवाली सिस्टर

चारुशीला सिस्टर गिरणीत पहिल्यांदा शिंकल्या तेव्हा निम्मी सांगली पिवळी झाली, असं आकाराम हवालदार आजही शपथेवर सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती शिंक माणसाची नव्हतीच. पांढराशुभ्र गणवेश, पांढरे बूट आणि पांढरी पर्स अशी एक बाई दारातून आत आली, पॉलिशच्या ड्रमसमोर उभी राहिली, तिनं नाक वर केलं, डोळे मिटले आणि तोफ उडाली. कोपऱ्यातला हळदीचा ढीग जागचा हलला. पत्र्यावरची कबुतरं उडाली ती मिरजेच्या स्टेशनात जाऊन उतरली. ड्रमवर गुंडा नावाचा गडी होता. त्याला वाटलं ट्रान्सफॉर्मर फुटला. त्यानं मेन स्विच खाली ओढला आणि स्वतः पोत्यांमागे आडवा झाला. धूळ बसली तेव्हा शेडच्या मधोमध एक डोक्यापासून पायापर्यंत पिवळी बाई उभी होती. हळद लागलेली नवरी कार्यालयाचा पत्ता चुकून एमआयडीसीत यावी, तशी.

"मी चारुशीला," नवरी म्हणाली. "नर्स. हे मशीन रोज इतकी धूळ उडवतं?"

"न्हाई," आकाराम म्हणाला. "आज पावनं म्हणून जरा कमी हाय."

हा आकाराम कराडकडचा. त्याच्या गावात ऊस आणि फौजी ही दोनच पिकं निघतात. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तो सांगलीत देवदत्तशेठांच्या हळदीच्या गिरणीत पॉलिशचा मुकादम झाला. पॉलिश म्हणजे उकडून वाळवलेली हळकुंडं जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालून गरागरा फिरवायची. ती एकमेकांवर घासली की साल सुटते, हळकुंड चकाकतं आणि साल धूळ होऊन हवेत जाते. हवेतून ती कुठं जाते, हा विचार करायची गिरणीत पद्धत नव्हती. ड्रमचा आवाज असा की शेजारचा माणूस बायकोचं नाव घेऊन ओरडला तरी भांडण होऊ नये. पण हवालदाराचा आवाज त्याच्याही वर जायचा. "आपल्या हाताखाली ड्रम कवा बंद पडला न्हाई," ही त्याची फुशारकी. आणि आता तो एका बाईच्या शिंकेनं बंद पडला होता. हवालदारानं ते मनाला लावून घेतलं.

शिवाय त्याला एक धास्ती होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. ड्रममध्ये माल सोडायचा तो वरच्या माळ्यावरून. माळ्यावर जायला लोखंडी जिना. पूर्वी हवालदार तो जिना एका दमात चढायचा. अलीकडे निम्म्यात पोचला की छातीत कुणीतरी पोत्याचं तोंड शिवून टाकल्यासारखं व्हायचं. मग तो थांबायचा. नुसतं थांबलं तर लोक बघतात, म्हणून तो भिंत तपासायचा. भिंतीवर हात फिरवायचा, मान हलवायचा, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. त्या भिंतीची त्यानं इतकी काळजी घेतली की गुंडाला वाटे, हवालदाराला पुढंमागं गवंडीकाम करायचं असावं. दम लागतो हे शेठना कळलं तर शेठ आपल्याला घरी बसवतील, ही त्याची धास्ती. आणि आता नेमकी दम ऐकणारी बाई गिरणीत आली होती.

शेठना नर्सची हौस होती असं नाही. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं गिरणी बघायला आली होती. त्यांनी विचारलं, "तुमच्या कामगारांच्या आरोग्याची काळजी कोण घेतं?" शेठनी हात जोडून भिंतीवरच्या गणपतीकडे बोट दाखवलं. पाहुण्यांनीही हात जोडले, पण पुढं म्हणाले की गणपती आहेच, शिवाय एक नर्सही असावी. म्हणून फाटकी पोती ठेवायची खोली रिकामी झाली, तिच्यात एक कॉट, एक पंखा आणि एक कपाट आलं.

"सिस्टर, तुम्ही इथं बसायचं," शेठनी समजावलं. "लागलं तर पट्टी, ताप आला तर गोळी. पाहुणे आले की गणवेश इस्त्रीचा. बाकी त्रास काही नाही."

त्रास खरोखरच नव्हता. त्या खोलीकडं कुणी फिरकेचना. हळदीच्या गिरणीत नर्स म्हणजे गुऱ्हाळापुढं गोळ्याबिस्किटांचं दुकान. कुणाचं बोट कापलं की तो खाली वाकायचा, जमिनीवरची चिमूटभर हळद उचलून जखमेवर दाबायचा आणि परत कामाला लागायचा. त्या हळदीत चपलांची माती, मशीनचं ग्रीस आणि पत्र्यावरच्या कबुतरांचा प्रसादही असे, पण रंग पिवळा म्हणजे औषध. धुळीबद्दल तर हवालदाराचा सिद्धांतच होता. "लोक पैशे देऊन हळदीचं दूध पित्यात. आपल्याला दूध न्हाई, पर हळद नाकातनं फुकट मिळती. आपल्या छातीला काय धाड भरलीया?" हे तो माळ्यावरून ओरडून सांगायचा. ओरडून झालं की भिंत तपासायचा.

काही दिवस सिस्टरनी कॉटकडं आणि कॉटनं सिस्टरकडं बघून काढले. मग एका सकाळी त्यांनी खोलीला कुलूप लावलं, बसायचं स्टूल काखोटीला मारलं आणि ते थेट ड्रमशेजारी मांडलं.

"शिष्टर, कुणाला लागलं न्हाई," हवालदार म्हणाला.

"म्हणूनच आले. लागल्यावर काय, कुणीही येतं."

ही बाई आहे तरी कोण, याचा तपास बनुबाईंनी लावला. हळकुंडं निवडणाऱ्या बायकांच्या बनुबाई म्होरक्या. त्यांना माहिती काढायला प्रश्न विचारावे लागत नसत. त्या पान चघळत समोरच्याकडं नुसत्या बघत राहायच्या, आणि समोरचा घाबरून सगळं सांगून टाकायचा. तर चारुशीला सिस्टर मूळच्या वाईच्या, घाटावर पूजा सांगणाऱ्यांच्या घरातल्या. नर्सिंग केलं साताऱ्यात. नवरा साताऱ्यात बँकेत. सिस्टर आठवडाभर सांगलीत खोली घेऊन राहतात आणि शनिवारच्या एसटीनं घरी जातात. स्वयंपाक नवऱ्याला बायकोपेक्षा बरा येतो. हा शेवटचा मुद्दा बनुबाईंनी दोनदा विचारून पक्का केला आणि आपल्या नवऱ्याच्या कानावरही घातला.

यापूर्वी सिस्टर एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात होत्या. तिथं दर हंगामात एका ठराविक जागी वाफेच्या पाइपानं कुणाचा तरी हात भाजायचा. पहिल्या हंगामात सिस्टरनी मलमपट्टी केली. दुसऱ्या हंगामातही केली. तिसऱ्यांदा तसाच हात समोर आला, तेव्हा त्यांनी त्या माणसाला नीट पट्टी बांधली, उरलेली गुंडाळी घेतली, तडक गळक्या पाइपापाशी गेल्या, काम थांबून पाइप गार होईपर्यंत ठाण मांडून बसल्या आणि मग त्यालाच पट्टी बांधली. वर चिकटपट्टीही लावली. चीफ इंजिनिअर धावत आला.

"बाई, हे काय?"

"पेशंट," सिस्टर म्हणाल्या. "आजवर मी त्याच्या नातेवाइकांवर उपचार करत होते."

पट्टी बांधलेला पाइप बघायला निम्मा कारखाना लोटला. दुसऱ्या दिवशी पाइप बदलला गेला. ही गोष्ट ऐकून बनुबाईंनी पान थुंकलं आणि जाहीर केलं, "बाई आपल्यातली हाय."

बनुबाई फिरल्या तिथं निम्मी गिरणी फिरली. जमिनीवरची हळद जखमेला लावणं तर एका बैठकीत बंद झालं. सिस्टरनी फरशीवरची मूठभर हळद कागदावर घेतली आणि बनुबाईंपुढं धरली.

"ही घरी नेऊन कालवणात घालाल?"

"या बया! ह्यात काय काय सांडलंय! माझं मानूस मला घराभाईर काढंल."

"मग जी कालवणात चालत नाही, ती रक्तात कशी चालते?"

बनुबाईंनी तो कागद हळदीसकट उकिरड्यावर टाकला. त्या दिवसापासून कुणी जमिनीकडं वाकलं की बायका एका सुरात ओरडायच्या, "कालवणात घाल की रं ती!" आणि बोट कापलेला गडी मुकाट सिस्टरकडं जायचा.

मास्कचं मात्र जमेना, कारण तिथं हवालदार आडवा पडला होता. सिस्टरनी शेठच्या मागं लागून चांगले मास्क आणवले. हवालदारानं एक हातात घेतला, फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "मळणीला बैलाला मुसकं बांधत्यात, त्यानं धान्याला तोंड लावू नये म्हणून. आमी काय हळद खातोय व्हय?" गडी हसले. सगळ्यांचे मास्क गळ्यात उतरले. गुंडानं तर आपल्या मास्कमध्ये शेंगदाणे ठेवले.

सिस्टर चिडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून एक प्लास्टिकची नळी काढली. नळीवर काटा, काट्यामागं हिरवा, पिवळा आणि तांबडा पट्टा. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोरात फुंकायचं. छातीत जितका जोर, तितका काटा पुढं. गिरणीनं त्या यंत्राला पाच मिनिटांत 'फुंकणी' म्हणायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत शर्यत लावली. दरवेळी नळीचं तोंड बदलायचं एवढी एकच अट. बनुबाईंनी पान काढून ठेवलं, पदर खोचला आणि अशी फुंकली की काटा हिरव्यात ठाण मांडून बसला. निम्मे गडी त्यांच्या मागं राहिले. जे जास्त वर्षं ड्रमपाशी होते ते पिवळ्यात अडकले आणि हसायचे थांबले.

"आता हवालदार!" बायकांनी गलका केला.

हवालदार एक पाऊल मागं सरकला. पण चेहरा परेडचा. "मला गरज न्हाई. माझी छाती भरतीला मोजलीया. सायबानं सोता टेप धरली हुती. फुगवली तवा टेप कमी पडली."

"कधी?" सिस्टरनी विचारलं.

"लगीन व्हायच्या आदी."

"आवं हवालदार," बनुबाई म्हणाल्या, "मग विजार बी तवाच्याच मापाची घालता काय?"

शेडमध्ये असा हशा उठला की ड्रम फिका पडला. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आकारामदादा, जिन्याजवळच्या त्या भिंतीत रोज काय सापडतं?"

बंदुकीच्या गोळीला न घाबरलेला माणूस त्या प्रश्नाला घाबरला. आणि आपल्याकडचा माणूस घाबरला की पैज लावतो.

"ऐका रं!" हवालदार गरजला. "हे भरलेलं पोतं पाठीवर घिऊन मी माळ्यावर जातो. गेलो, तर उद्यापासनं मुसक्याचं नाव न्हाई. न्हाई गेलो, तर फुंकतो."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "मी अशी पैज मानत नाही. पोतं खाली ठेवा."

हवालदारानं 'नको'चा अर्थ 'घाबरली' असा लावला आणि पोतं पाठीवर घेतलं. सिस्टर वाट अडवायला धावल्या, तोवर तो जिन्याला लागला होता. निम्म्यात भिंत आली. आज तिच्याकडं बघायची सोय नव्हती, खाली अख्खी गिरणी बघत होती. तो चढत राहिला. शेवटच्या पायऱ्यांना जिना आहे की घाट, हे त्याला कळेना. पण पोचला. पोतं माळ्यावर धाडकन आदळलं, हवालदार कठड्याला धरून वळला आणि विजयाचं भाषण करायला त्यानं तोंड उघडलं.

भाषण आलं नाही. आवाज नाही, श्वास नाही, काहीच नाही. छातीतली हवा बाहेर जाईना आणि बाहेरची आत येईना. खालच्या लोकांना वाटलं, पुढारी टाळ्यांसाठी थांबतात तसा हवालदार थांबलाय. म्हणून गुंडानं टाळ्या वाजवल्या.

सिस्टर जिना चढतच ओरडल्या, "गुंडा, ड्रम बंद कर!"

गुंडानं वर बघितलं. ड्रम बंद करायचा हुकूम फक्त हवालदाराचा चालायचा, त्यानं हात वर नेऊन खाली आणला की बंद, ही त्यानंच घालून दिलेली शिस्त. गुंडा स्विचवर हात ठेवून वाट बघत राहिला. ड्रम फिरत होता, धूळ माळ्याकडं चढत होती. वर आकारामला एवढंच दिसत होतं की आपण हात खाली केला तर जिंकलेली पैज गेली, फुशारकी गेली आणि बहुधा नोकरीही गेली. त्यानं हात वर केला आणि खाली केला.

ड्रम थांबला.

सिस्टरनी त्याला पोत्यावर बसवलं, पुढं वाकवलं, हात गुडघ्यांवर ठेवायला लावले. "ओठ शीळ घातल्यासारखे करा. हळू सोडा. घाई नाही. घेण्याची चिंता करू नका, आधी सोडा." हवालदारानं आयुष्यात इतक्या निमूटपणे कुठलाच हुकूम पाळला नव्हता. खाली पहिल्यांदाच इतकी शांतता होती की कबुतरं ऐकू येत होती. गाडी बोलवायला एक गडी पळाला होताच.

थोडा आवाज फुटल्यावर हवालदार म्हणाला, "शेठला... सांगू नगा. घरी बसवतील."

"मग घरी बसायचं थोडे दिवस."

"घरी न्हाई बसता येत, शिष्टर. पारावर बसावं लागतं. तिथं समदे रिटायर. एकच लढाई रोज सांगत्यात. आन दर टायमाला जास्तच जिंकत्यात."

"शेठना सांगणार," सिस्टर म्हणाल्या. "पण काय सांगायचं ते मी ठरवणार."

मिरजेच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, फुंकायला लावलं. बरीच वर्षं धूळ खाल्ल्यानं श्वासाच्या नळ्या आवळल्या आहेत, तोंडात फवारा मारायचं औषध रोज घ्यायचं, धुळीत पुन्हा जायचं नाही, असं स्पष्ट सांगितलं. फुंकणीचा काटा तांबड्यात होता. हवालदारानं त्याच्याकडं असं बघितलं की जणू तो काटा फितूर झालाय.

त्यानंतर शेठच्या केबिनमध्ये बैठक झाली. शेठ मनानं वाईट नाहीत, पण कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं शाल आणि नारळ हा एकच उपाय. दोन्ही टेबलावर आणून ठेवलेली होती.

"हवालदार, खूप सेवा झाली," ते गहिवरून म्हणाले. "पेन्शन आहे, शेती आहे. आता आराम."

"शाल ड्रमवर घाला शेठ," सिस्टर म्हणाल्या. "धूळ तरी कमी उडेल."

शेठचा गहिवर जागच्या जागी थांबला. मग सिस्टरनी सरळ हिशोब मांडला. ड्रमला चहूबाजूंनी बंद खोका हवा. धूळ ओढून घेणारा पंखा आणि पाइप हवा. पिवळ्या पट्ट्यात अडकलेल्यांना पाळीपाळीनं ड्रमपासून दूर काम हवं. "आज एक माणूस घरी पाठवाल, उद्या गुंडाला पाठवाल, परवा त्याच्या जागी येईल त्याला. शाली किती आणणार?"

"आणि हवालदार?"

"हवालदार मला हवेत. माझं ऐकून एकानंही मास्क ठेवला नाही. ह्यांचं ऐकून सगळ्यांनी काढला. एवढं वजन असलेला माणूस घरी पाठवायचा म्हणजे उधळपट्टी आहे."

शेठनी चष्म्यावरून आकारामकडं बघितलं. "म्हणजे नर्सच्या हाताखाली हवालदार काम करणार? चालेल तुम्हाला?"

आकाराम उठून उभा राहिला. टाचा जुळल्या. दम जपून तो सावकाश बोलला. "शेठ, मिल्ट्रीत शिष्टर म्हंजी अधिकारी असती. लेफ्टनंट, कॅप्टन. हास्पिटलात आमी तिला सलाम ठोकायचो. इथं पांढरा डरेस बघितला आन मी इसरलो." आणि त्यानं सलाम ठोकला. सिस्टरना उलट सलाम येईना, म्हणून त्यांनी नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

पुढच्या हंगामाला गिरणी ओळखू येईना. ड्रम खोक्यात गेला, पत्र्याला पाइप लागले, धूळ पोत्यात गोळा व्हायला लागली. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटबाहेर, मोकळ्या हवेत, रांग लागायची आणि समोर हवालदार. "मास्क... चढाव!" आवाज पूर्वीचा नव्हता, पण रुबाब होता. मग तो रांगेतून किट तपासल्यासारखा फिरायचा. नाकावरची पट्टी दाबून बघायचा. गुंडाची दाढी मास्कमधून बाहेर यायची, तर त्याला तिथूनच न्हाव्याकडं पिटाळलं. "हवालदार, ही दाढी लग्नासाठी वाढवलीया!" "लगीन करायला आदी जगावं लागतंय. पळ!" कुणी मुसक्याची आठवण काढली तर हवालदार शांतपणे म्हणायचा, "बैलाला बांधत्यात ते दुसऱ्याच्या भल्यासाठी. हे तुज्या."

फुंकणी दर महिन्याला फिरायची. बनुबाईंना कुणी हरवू शकलं नाही. सिस्टर खोलीत सापडत नसत. शेठकडं पुन्हा पाहुणे आले, त्यांनी इस्त्रीचा गणवेश शोधला, तर सिस्टर बॅटरी घेऊन पंख्याच्या पाइपात डोकं घालून बसलेल्या. शेठ छाती फुगवून म्हणाले, "आमच्या सिस्टर माणसांची तब्येत बघतातच. आधी मशीनची बघतात." हे वाक्य आपलंच आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि सिस्टरनी ते तसंच राहू दिलं. शेजारच्या दोन गिरण्यांचे मालक खोका आणि पाइप बघून गेले. त्यांच्या गड्यांना मास्क चढवायला आकाराम शनिवारी जायला लागला. पारावर जायला त्याला सवड उरली नाही.

यंदा फेब्रुवारीत चारुशीला सिस्टर साताऱ्याच्या एका यंत्रांच्या कारखान्यात लागल्या. फुंकणीवर आकारामचा काटा तांबड्यातून पिवळ्यात आला आणि तिथंच राहिला. ड्रमच्या शेडमध्ये जायला त्याला मनाई आहे; मास्कची रांग तो गेटबाहेरच घेतो.